पहिलं कापड

आमच्या फुवांनी जेवढं पिस्तूल पुसलं तेवढं अख्ख्या हिंदुस्थानात कुणी पुसलं नसेल. विलायतेतल्या ज्या कारखान्यात ते घडलं, तिथल्या माणसांनीही पुसलं नसेल. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या नंदुरबार-शहाद्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. बाकीचं जग देवाची पूजा रोज करतं आणि हत्याराची दसऱ्याला. फुवांचं उलट होतं. देवाला ते सणावारी भेटत, पिस्तुलाला दर शनिवारी. न्याहारी झाली की ओसरीवर घोंगडी पसरायची, तिच्यावर सागवानी पेटी ठेवायची, पिस्तूल काढायचं, चक्र बाहेर पाडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत ना ते बघायचं, मग त्यात बोट घालून पुन्हा बघायचं आणि मग समोर जो कुणी बसला असेल त्यालाही बघायला लावायचं. खरं तर काडतुसं त्या पेटीत कधी नसतच. ती आत धान्याच्या कोठीमागे एका डब्यात झोपा काढत असत. एवढी खात्री पटल्यावर सळईच्या टोकाच्या डोळ्यात पांढरी चिंधी ओवायची, ती नळीतून हळूहळू ढकलायची आणि बाहेर आली की उजेडात धरून निरखायची. ती जशी आत गेली तशीच पांढरी बाहेर येई. मग डाव्या अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरायचं, नखावर ऊन घ्यायचं आणि पुढच्या तोंडाला एक डोळा लावायचा. आतल्या पिळाच्या खाचा या टोकापासून त्या टोकापर्यंत झळकल्या की फुवा म्हणत, "आरसा शे, आरसा!" म्हणजे नळी आरशासारखी लख्ख आहे, आणि पेटी बंद होई.

या नळी बघण्याची त्यांना इतकी सवय लागली होती की जगातली कुठलीही पोकळ वस्तू त्यांच्या तावडीतून सुटत नसे. विहिरीवर पाण्याचं इंजीन बसलं तेव्हा त्याच्या पायपाला त्यांनी आधी डोळा लावला आणि मगच नारळ फोडला. गावात एक कीर्तनकार बुवा आले होते, त्यांनी बासरी जरा बाजूला ठेवली, तर फुवांनी ती उचलून उन्हाकडे धरली आणि भर सभेत सांगितलं, "महाराज, नळीमा जाळं शे." बुवा संतापले, पण पुढल्या अभंगाआधी त्यांनी बासरी गुपचूप झटकली हे सगळ्यांनी पाहिलं. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी नाव, गाव, शेती काही विचारलं नाही, गायला सांगितलं. तो बिचारा घाबरून आरती म्हणाला. फुवा माझ्या कानात कुजबुजले, "नळी साफ शे पोऱ्यानी. दी टाका." पोर दिली, आणि ती सुखात राहिली, हेही सांगायला हवं.

माणूस दिसायला असा की पिस्तुलाशिवायच दरोडेखोरांनी परत फिरावं. सहा फुटाला टेकलेली उंची, दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे खांदे, वर पिळलेल्या मिशा. आणि देवाने हे सगळं करून झाल्यावर आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी घातला होता, बारीक, जरा चिरका. तापीकाठी त्यांची भुईमुगाची, कपाशीची आणि मिरचीची चांगली शेती होती. मिरची गाडीत भरून नंदुरबारच्या बाजारात येई तेव्हा ते हटकून माझ्या खोलीवर उतरत. मी तेव्हा नंदुरबारला शाळेत नवाच मास्तर झालो होतो. फुवा आले की दोन दिवस माझ्या अंथरुणाला, सदऱ्याला आणि भाताला मिरचीचा वास येई. मी कुरकुर केली की ते म्हणत, "मास्तर, हाऊ वास नही, हाई लक्ष्मी शे." ती लक्ष्मी मला शिंकांच्या रूपाने प्रसन्न होई.

आता पिस्तूल आलं कसं, ते सांगतो. त्यासाठी आधी एक दुःखाची गोष्ट सांगावी लागेल. फुईला बरीच वर्षं मूल नव्हतं. उपासतापास, नवससायास सगळं झालं आणि आशा सोडून दिल्यावर एक मुलगी झाली. गोरीपान, बाळसेदार. मी तिला पाहिलं होतं. माझं बोट धरलं की सोडत नसे. रांगायला लागली, उंबऱ्यापर्यंत पोचू लागली, आणि एका तापात गेली. त्या काळी आमच्याकडे एक रीत होती. घरात थोरली माणसं असताना बापाने आपल्या लेकराला उचलून घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत. तो उथळपणा समजत. फुवांचे वडील तेव्हा हयात होते, दिवसभर ओसरीवरच बसलेले असत. त्यामुळे फुवा लेकीला लांबूनच बघत. येता-जाता पाळण्याची दोरी चुकून लागल्यासारखी हलवत, एवढंच. पोर गेली तेव्हा तिला न्यायला म्हणून त्यांनी हात पुढे केले, तर ते कामही चुलत्यांनी केलं. फुवा रडले नाहीत. पुरुषाने रडायचं नाही ही दुसरी रीत.

त्यानंतर ते घर फार गप्प झालं. पुढे म्हातारेही गेले, आणि त्या एवढ्या मोठ्या घरात फुई आणि फुवा दोघंच राहिले. फुई कामात बुडून गेली. फुवांना काय करावं सुचेना. त्या सुमारास आमच्या भागात धाडींचा बोभाटा झाला होता, कुठे कुणाचं घर फोडलं, कुठे गाड्या अडवल्या. फुवांच्या मनाने घेतलं की आपल्याला पिस्तूल हवं. घरात जपावं असं कोण होतं, हा प्रश्न मी मनातच ठेवला. सरकारदरबारी खेटे घालून त्यांनी लायसन मिळवलं, मुंबईहून माल मागवला, आणि जत्रेची वाट बघणाऱ्या पोरासारखे ते त्या पार्सलाची वाट बघू लागले. कागदपत्रं पूर्ण झाल्याचा निरोप आला तेव्हा मीच त्यांच्याबरोबर ते आणायला गेलो. पेटी उघडली तर आत तेलकट कागदात गुंडाळलेला एक पिवळट चिकट गोळा. कारखान्यातून निघताना गंजू नये म्हणून सगळीकडे दाट चरबीसारखं ग्रीस फासलेलं होतं. फुवांचा चेहरा उतरला. "हाई पिस्तोल शे का लोणच्यानी फोड?" ते म्हणाले.

नंदुरबारात बंदुका, घड्याळं, शिलाईची मशीनं आणि बिघडलेली कुलुपं दुरुस्त करणारे एक मिस्त्री चाचा होते. फुवांची आणि त्यांची जुनी दोस्ती. मिरचीची पहिली टोपली दर वर्षी चाचांच्या घरी जाई आणि ईदेचा शिरखुर्मा डब्यातून तापीकाठी येई. चाचांनी ग्रीस जरासं निपटून नळीत डोळा घातला आणि ती उजेडाकडे हळूहळू फिरवत राहिले. फुवा श्वास धरून उभे. "पाटील," चाचा शेवटी म्हणाले, "नली तो खालिस है. न खड्डा, न छल्ला, खाचें एकदम तेज. लेकिन पहली सफाई घर पे, अपने हाथ से करो. घासलेट से ग्रीस निकालो, फिर सूखा कपडा, फिर मशीन का तेल, बस नाम को. और कपडा ऐसा लेना जो बच्चे के गाल पे फेरो तो उसकी नींद न टूटे. नई नली को पहला कपडा जैसा मिलेगा, उमरभर वैसी रहेगी." कारागिराने कारागिराच्या पद्धतीने सांगितलेली ही गोष्ट फुवांनी वेदवाक्य म्हणून गाठीला बांधली. परतीच्या वाटेवर बैलगाडीत ते दुसरं काही बोलले नाहीत.

त्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. फुई सकाळीच शेजारणींबरोबर नदीवर गेली होती. ओसरीवर फुवांनी घरातलं सगळं कापड मांडलं होतं. धोतर घेतलं, तर त्याला खळ. पंचा घेतला, तर तो खरबरीत. माझा रुमाल घेतला, गालावर फिरवला आणि "मास्तर, हाई कापड शे का खडू पुसानं फडकं?" म्हणून परत दिला. शेवटी एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं त्यांना पसंत पडलं. घासलेटाने ग्रीस निघालं, ते फडकं नळीतून फिरलं, आणि राहिलेला कण उडवावा म्हणून फुवांनी नळीच्या एका तोंडाला डोळा लावून दुसरीकडून मला फुंकायला सांगितलं. मी शिकलेला मूर्ख, फुंकलं. फुवांनी अशी काही किंकाळी फोडली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. ते फडकं मिरची निवडताना तोंडाला बांधायचं होतं. ते शंभरदा धुतलं तरी त्यातली मिरची जाईना, हे घरात फक्त फुईला ठाऊक. फुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी पाणी आणलं, तूप आणलं, आणि हसू दाबताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पण पहिलं कापड मिरचीचं झालं, ही गोष्ट फुवांना डोळ्यांपेक्षा जास्त झोंबली. ते कापड धरायचंच नाही असं ठरवून त्यांनी नळी पुन्हा घासलेटाने धुतली, आणि चाचांच्या बोलाला साजेसं कापड आणायला ते आत गेले. आत फुईची लाकडी पेटी होती. तिच्या तळाशी एक गाठोडं होतं, गाठोड्यात एक पांढरं दुपटं होतं. जुन्या लुगड्याचं, दोन पदरी, सायीसारखं मऊ. फुवा ते घेऊन बाहेर आले, स्वतःच्या गालावरून फिरवलं आणि लाल डोळ्यांनी हसून मला म्हणाले, "सापडनं, बापू!" आणि टरकन फाडलं. एक पट्टी काढली, दुसरी काढली. मी ते दुपटं ओळखलं. ओरडायला तोंड उघडलं, पण तोवर तिसरी पट्टी त्यांच्या हातात होती, आणि दारात धुण्याची बादली घेऊन फुई उभी होती.

तिने बादली खाली ठेवली. पुढे येऊन राहिलेला तुकडा हातात घेतला, त्याचा वास घेतला आणि नवऱ्याकडे बघत राहिली. फुवांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आपण काय फाडलं ते कळायला त्यांना तिचा चेहरा बघावा लागला. "माले मालूम नव्हतं वं," ते म्हणाले. त्यांचा तो बारीक आवाज आणखी बारीक झाला. "मी तिले कधी लिधीच नव्हती ना." म्हणजे, मी तिला कधी उचलून घेतलंच नव्हतं, मला तिचं दुपटं कसं ओळखू येणार? त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि विचारू लागली, "काय व्हयनं, पाटील? रडी ऱ्हायनात का?" "मिरची गई डोयामा," फुवा म्हणाले. शेजारीण हसत गेली. मी हसलो नाही. त्या मिरचीला जेवढे आशीर्वाद द्यावेत तेवढे थोडे; तिच्यामुळे एका बापाला लेकीसाठी दिवसाउजेडी रडता आलं.

बऱ्याच वेळाने फुईने त्या पट्ट्या गोळा केल्या, नीट घडी केल्या आणि फुवांसमोर ठेवल्या. "फाडं ते फाडं," ती म्हणाली. "आते तेच वापरा. पन त्याले डाग लागू देऊ नका." एवढंच बोलली आणि धुणं वाळत घालायला गेली. त्यात राग होता की माफी होती हे मला कळलं नाही. फुवांनाही कळलं नसावं. पण एक गोष्ट दोघांनाही कळत होती. पिस्तूल झाडलं की नळी आतून काळी पडते, आणि ती पुसली की कापड काळं होतं. डाग लागू द्यायचा नाही याचा अर्थ पिस्तूल झाडायचं नाही. फुवांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत ते पुढे आयुष्यभर मोजत राहिले. कारण का झाडत नाही हे गावाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि गाव विचारल्याशिवाय राहणारं नव्हतं.

भुईमुगात रानडुकरं शिरली की रखवालदार धावत येई. फुवा पिस्तूल घेऊन ऐटीत निघत, बांधावर उभे राहत, उजव्या हाताने ते आभाळाकडे रोखत आणि डाव्या हातातल्या काठीने डबा बडवत. डुकरं डब्याला भीत, पिस्तुलाला नाही. एकदा दिवेलागणीला खरोखर तीन भुरटे चोर अंगणात आले. फुवा ओसरीवर कंदिलाजवळ बसून नळीत डोळा घालून बघत होते. चोरांनी पाहिलं की एवढा मोठा पाटील पिस्तुलाचं तोंड स्वतःच्याच डोळ्याला लावून बसला आहे. हा आता जीव देणार आणि खून आपल्या माथी येणार, या भीतीने ते जे पळाले ते एक पागोटं आणि दोन जोडे टाकून. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळच्या वाटेवर, एका साहेबाने शिकार मांडली होती. लायसनवाल्यांना बोलावणं होतं, जावंच लागलं. हाकारा झाला आणि बिबट्या निघाला तो नेमका फुवांसमोर. बिबट्याने फुवांकडे पाहिलं, फुवांनी बिबट्याकडे पाहिलं, आणि मग फुवांनी पिस्तूल शांतपणे कापडात गुंडाळलं. बिबट्यालाही ते पटलं असावं. तो झाडीत निघून गेला. साहेब हसला म्हणून बाकीचे दुप्पट हसले. तिथून त्यांना नाव पडलं, पुसे पाटील. चावडीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, "काय पुसे पाटील, काय म्हनस पिस्तोल?" हा प्रश्न ठरलेला. मानी माणूस तो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मी उठून काही बोलणार तर त्यांनी पंगतीतच माझा हात दाबला आणि वाढप्याला म्हणाले, "वाढ रे, वरण वाढ."

घरी आलं की फुई आधी तांब्याभर पाणी आणून देई. मग विचारी, "झाडी का?" "नही," फुवा सांगत. यापुढे त्या विषयावर एक शब्द नाही. तिची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र त्या दिवशी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात पडे, आणि लोणी जरा जास्त असे. दर शनिवारी पुसून झालं की फुवा स्वतः त्या पट्ट्या रिठ्याच्या पाण्यात धूत. एवढा आडदांड माणूस परातीपुढे उकिडवा बसून चिंध्या चोळतो आहे, हे बघून गडीमाणसं तोंड फिरवून हसत. वाळत घालायला दोरी त्यांना चालत नसे. दोरीचा डाग पडतो. ते पट्ट्या आपल्या दोन्ही तळहातांवर पसरत आणि उन्हात तसेच बसून राहत. मला अनेकदा वाटे, ज्या पोरीला कधी हातावर घेता आलं नाही, तिचं राहिलेलं ते असं फेडताहेत. हे मी त्यांना कधी बोललो नाही.

वर्षं गेली. दुसरी लढाई सुरू झाली, घासलेट मिळेनासं झालं, माझे केस पांढरे व्हायला लागले. फुई आजारी पडली. पोटातलं दुखणं होतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी हात टेकले. मी रजा काढून जाऊन राहिलो. ती अंथरुणाला खिळली होती, तरी डोळे तसेच लख्ख. एके दिवशी दुपारी तिने फुवांना जवळ बोलावलं. "एक डाव झाडा ना ते," ती म्हणाली. "इतला वरीस घरमा शे. माले आवाज आयकना शे." फुवा तिच्याकडे बघतच राहिले. "डाग लागी ना," ते म्हणाले. "लागू द्या. मीच सांगी ऱ्हायनू ना," असं फुई म्हणाली. बोलता बोलता बाईमाणसाने पुरुषासारखं 'ऱ्हायनू' म्हणावं, ही तिची जुनी लाडातली लकब होती. नवरा हट्टाला पेटला की ती त्याचीच भाषा बोले. फुवा उठले. कोठीमागचा डबा काढला, पिस्तूल घेतलं आणि खळ्यापलीकडे नाल्याकडे निघाले.

मी फुईजवळ बसलो. दोघं कान देऊन. कुठे गाडीचं चाक करकरलं, कुणी गुराला हाक मारली. फुई डोळे मिटून होती, पण झोपली नव्हती, तिची बोटं माझ्या हातावर होती. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग वहाणांचा आवाज आला आणि फुवा दारात उभे राहिले. "झाडी उनू," ते म्हणाले, भिंतीकडे बघत. "माले आवाज कसा नही उना?" फुईने विचारलं. "तू झोपेल व्हती." फुवांना खोटं बोलण्याची सवय नव्हती, त्यांचे कान लाल झाले. फुई म्हणाली, "मंग साफ करा. मन्हासमोर करा."

त्यांना पळवाट राहिली नाही. त्यांनी पेटी आणली, सळईत पट्टी ओवली, नळीतून ढकलली. फुईने हात पुढे केला. ती पट्टी घेऊन तिने खिडकीतल्या उन्हाकडे धरली. पांढरी, स्वच्छ, तेलाची जराशी पिवळी छटा, बस. तिने ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली. फुवा खाली मान घालून उभे, गृहपाठ न केलेल्या पोरासारखे. मग फुईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी त्या घरातून ती पोर गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "भलतीच चांगली नळी शे तुमनी," ती म्हणाली. "झाडी तरी डाग पडत नही." फुवा मट्कन खाली बसले. त्यांनी आपलं भलंमोठं डोकं तिच्या अंथरुणावर टेकलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. फुई त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मिरची गई का डोयामा?" त्यांनी मान डोलावली. पथ्य म्हणून घरात कित्येक दिवसांत मिरची आणलेली नव्हती. मी उठून बाहेर आलो. अंगणात उभा राहून मीही रडलो, आणि मला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर फुई थोडेच दिवस होती. तेवढ्या दिवसांत तिच्या उशाशी बसून फुवांनी त्या सगळ्या पट्ट्या पुन्हा जोडल्या. त्यांना एकच टाका येत होता, मिरचीची पोती शिवायचा. त्या लांब, वेड्यावाकड्या टाक्यांनी दुपटं पुन्हा चौकोनी झालं, जरा आखडलेलं, पण पुरं. फुई सवाष्ण गेली. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला आणि ओटी भरू लागल्या, तेव्हा फुवा त्यांच्यातून वाट काढत पुढे झाले. एक म्हातारी कडाडली, "आरे, पुरुषमानूस कधी ओटी भरस का?" फुवांनी ऐकलं नाही. नारळ आणि तांदूळ होते त्यावर त्यांनी ते दुपटं ठेवलं, कडा नीट दुमडल्या, झोपलेलं मूल आईच्या कुशीत ठेवावं तितक्या जपून. तापीच्या काठी ते तिच्याबरोबर गेलं.

अंत्यविधीची माणसं परतू लागली तेव्हा फुवा एकटेच मागे थांबले. आम्ही वाटेला लागलो असू नसू, तोच नदीकडून खटकन आवाज आला, मग पुन्हा एकदा खट. जुनी काडतुसं फुसकी निघत होती. आणि तिसऱ्यांदा असा बार झाला की काठावरचे सगळे पक्षी उठले. गावातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. "पुसे पाटीलनी झाडी," कुणीतरी म्हणालं, पण या वेळी कुणी हसलं नाही. मी पळत गेलो तर ते पाण्याकडे तोंड करून उभे होते. "तिले आवाज आयकना व्हता," ते मला म्हणाले. पिस्तूल तसंच कोटाच्या खिशात घालून ते घराकडे चालू लागले.

ते पिस्तूल त्यांनी पुन्हा कधी पुसलं नाही. शनिवार येत, जात. मी एकदा नवं मऊ कापड घेऊन गेलो, तर त्यांनी ते गालावरून फिरवलं आणि माझ्या हातात परत दिलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. फुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस ते आवाजावरून ओळखू लागले. शेवटचा भेटलो तेव्हा ओसरीवर बसले होते. हातांनी चाचपत त्यांनी पेटी पुढे ओढली, चक्र पाडलं, बोट घालून घरं रिकामी असल्याची खात्री केली, मलाही करायला लावली. मग म्हणाले, "देख बरं बापू, नळी कशी शे?" मी नखावर ऊन घेतलं आणि आत पाहिलं. आत उजेड नव्हता. त्या एका बाराची काजळी तशीच आत राहून नळी गंजली होती, खाचा बुजल्या होत्या, या टोकाचं त्या टोकाला दिसत नव्हतं. फुवा माझ्या आवाजाकडे तोंड करून वाट बघत होते.

"आरसा शे फुवा," मी म्हणालो. "आरसा."

ते समाधानाने हसले. "ऱ्हाईच ना," ते म्हणाले. "पहिलं कापड चांगलं व्हतं."